गच्च बसलेला संवेदक सोडविणे : एका घरगुती दुरुस्तीची मीमांसा

यंत्रदुरुस्तीच्या मराठी बोलीत ‘जाम’ हा शब्द आज इतका रुळला आहे की, त्याचे इंग्रजी मूळ बोलणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. नट जाम होतो, खिडकी जाम होते, कुलूप जाम होते आणि घाटातला रस्ताही जाम होतो. शब्द सुटसुटीत आहे, यात शंका नाही. तथापि त्यात एक उणीव आहे. वस्तू हलत नाही, एवढाच परिणाम तो सांगतो. ती का हलत नाही, हे सांगत नाही. सामान्य संभाषणात या उणिवेने काही बिघडत नाही; परंतु हातात पान्हा घेतलेल्या माणसाला कारणाची गरज असते, कारण उपाय हा परिणामावर नव्हे तर कारणावर अवलंबून असतो. मोटारीच्या धूरनळीत बसविलेला प्राणवायू-संवेदक, म्हणजे नित्याच्या बोलण्यातील ‘ऑक्सिजन सेन्सर’, घरच्या घरी काढू पाहणाऱ्याला या गोष्टीचा प्रत्यय हटकून येतो. हा संवेदक गच्च बसतो म्हणजे नेमके काय होते, आणि तो धूरनळीस इजा न करता कसा सोडवावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संवेदकाचे कार्य

पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाच्या मानाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा याहून कमी पडली तर धुरात कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन राहते. हवा अधिक झाली तर प्राणवायू शिल्लक उरतो. धुरात किती प्राणवायू उरला आहे, याची वार्ता एंजिनच्या नियंत्रकास सतत पोहोचविणे हे संवेदकाचे काम होय. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया या चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाची टोपी असते आणि तिच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा पातळ थर असतो. टोपीच्या आत बाहेरची हवा व बाहेरच्या अंगास धूर अशी स्थिती असते. टोपी सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापली की दोन्हीकडील प्राणवायूच्या प्रमाणातील फरकामुळे तिच्यात अल्पसा विद्युद्दाब उत्पन्न होतो. मिश्रणात इंधन जास्त असता तो सुमारे ०.९ व्होल्टपर्यंत चढतो, हवा जास्त असता ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. या घटनेमागील सूत्र जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते. मोटारीत त्याचा उपयोग होण्यास मात्र १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बॉश कंपनीने घडविलेला संवेदक व्होल्वोच्या मोटारींत प्रथम बसविला गेला.

भारतात १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सक्तीचा झाला. शिसेयुक्त पेट्रोल परिवर्तक व संवेदक या दोहोंनाही विषासमान. त्याची विक्री सन २००० पासून देशभर बंद झाली. १ एप्रिल २०१७ रोजी ‘भारत स्टेज ४’ आणि १ एप्रिल २०२० रोजी ‘भारत स्टेज ६’ ही मानके सर्व देशास लागू झाल्यावर हा इवलासा भाग महानगरापुरता राहिला नाही. तालुक्याच्या गावी अंगणात उभ्या असलेल्या मोटारीतही तो आला. बहुतेक मोटारींत एक संवेदक परिवर्तकाच्या अलीकडे व एक पलीकडे असतो. पहिला मिश्रणावर नजर ठेवतो, दुसरा परिवर्तकाच्या कामावर.

संवेदक मंदावला की नियंत्रक चुकीच्या वार्तेवर चालतो. इंधन अधिक खर्च होते, धूर वाढतो, आणि न जळलेले इंधन परिवर्तकात जाऊन पेटल्यामुळे तो मौल्यवान भाग तापून निकामी होऊ शकतो. चालकासमोरच्या फलकावरील एंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा हीच सूचना देतो. परंतु दिवा लागला म्हणजे संवेदकच बिघडला, असे नव्हे. तुटलेली तार, फुटलेली धूरनळी किंवा एंजिनात भलत्या वाटेने शिरणारी हवा यांमुळेही तोच दिवा लागतो. यास्तव प्रथम दोष-संकेत वाचून घ्यावा व तारा तपासाव्यात. गच्च बसलेला पण निर्दोष संवेदक मोडून काढणे यासारखा व्यर्थ खटाटोप दुसरा नाही.

२. मावळातील पाणी

वडगाव हे मावळ तालुक्याचे मुख्य ठिकाण पुणे-लोणावळा लोहमार्गावर आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर वसलेले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यास जो मुसळधार पाऊस कोसळतो, तो कामशेत, कान्हे, वडगाव असे पूर्वेकडे येता येता झपाट्याने ओसरत जातो. तरीही पावसाळ्याचे चार महिने मोटारीचा तळ ओला राहावा, इतका तो येथेही असतो. तापलेल्या धूरनळीवर रस्त्यावरील पाणी उडते, वाफ होते, चिखलाचा लेप मागे राहतो. आणि हे दिवसातून अनेकदा घडते.

बाहेरच्या पाण्याइतकेच आतले पाणीही महत्त्वाचे आहे, आणि त्याचा विचार सहसा होत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघते. लांबच्या प्रवासात धूरनळी तापून ही वाफ निघून जाते. परंतु घरापासून स्थानकापर्यंत मोटार न्यावी, तेथे ती ठेवून पुण्याची लोकल पकडावी व सायंकाळी पुन्हा तेवढेच अंतर परतावे, असा ज्यांचा नित्यक्रम असतो, त्यांच्या मोटारीची नळी कधी पुरती तापतच नाही. वाफ आतच थिजते, धुरातील आम्ल पदार्थ तीत मिसळतात, आणि संवेदकाचे आटे बाहेरून व आतून दोन्हीकडून झिजू लागतात. म्हणूनच थोडी चाललेली मोटार ही नेहमीच चांगल्या स्थितीतील मोटार असते, हा समज धूरनळीपुरता तरी खरा नाही.

३. ‘जाम’ या एका शब्दातील चार घटना

संवेदकाच्या अंगावर १८ मिलिमीटर व्यासाचे व दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात. कोशात यास ‘मळसूत्र’ म्हटलेले आढळते. कारागिरांच्या तोंडी मात्र ‘आटे’ हाच शब्द आहे व तो सर्वथा समर्पक आहे. नळीस जोडलेल्या जाड कड्यातील आट्यांत हे आटे गुंततात. ते ज्या चार कारणांनी सुटेनासे होतात, त्यांना मराठीत चार स्वतंत्र क्रियापदे उपलब्ध आहेत, ही लक्षणीय गोष्ट होय.

पहिले कारण गंजणे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील केसाएवढी फट त्याने भरून निघते व दोन्ही भाग पाचर ठोकल्याप्रमाणे एकमेकांत रुततात. येथे उपाय म्हणजे फटीत शिरणारे पातळ तेल, भरपूर अवधी व हलके ठोके. तेल गंज विरघळवीत नाही. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात, त्यांतून तेल पाझरते आणि घर्षण कमी होते. म्हणून ठोक्यावाचून तेल व तेलावाचून ठोका, दोन्ही अपुरे.

दुसरे कारण चिकटणे. गंजरोधक पोलादाचे दोन पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर घासले गेले की त्यांवरील रक्षक थर खरवडला जातो व उघड्या धातूचे कण परस्परांना जडतात. गंजाचा लवलेश नसतानाही आटा आटय़ाला धरतो. येथे बळ वाढविले की धातू फाटतो आणि फाटलेला धातू पुढच्या आट्यात गोळा होऊन बसतो. या प्रसंगी जोर हा उपाय नसून अपाय आहे.

तिसरे कारण साकळणे. संवेदकाचे खालचे टोक धुराच्या प्रवाहात असते. त्या बाजूच्या शेवटच्या एकदोन आट्यांवर काजळी साकळून कठीण कवच तयार होते. असा संवेदक आरंभी सहज फिरतो आणि अर्ध्या वाटेवर अडतो. काम झाले, या समजुतीने नेमक्या याच वेळी जोर लावला जातो व आटे जातात.

चौथे कारण आवळणे. धातू तापला की प्रसरण पावतो. परंतु सर्व धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. साधे पोलाद दर अंशास दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते, तर गंजरोधक पोलादाचे काही प्रकार सुमारे १७ भाग वाढतात. संवेदकाचे अंग व नळीचे कडे भिन्न धातूंचे असल्यास गरम अवस्थेतील पकड व थंड अवस्थेतील पकड निराळी असते. कडे तापविले तर त्यातील भोक आक्रसेल, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. कड्याबरोबर भोकही मोठे होते. १८ मिलिमीटरचे भोक २०० अंशांनी तापविल्यास त्याचा व्यास सुमारे ०.०४ मिलिमीटरने वाढतो. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही. परंतु गंजाची पकड मोडावयास ती पुष्कळ होते.

ही चार कारणे पुष्कळदा एकत्र नांदतात. तथापि त्यांपैकी प्रबळ कोणते, हे ओळखता येते. कड्याभोवती तांबूस पापुद्रे दिसले तर गंज. बाहेरून स्वच्छ, पण फिरविताना करकर आवाज करून जड होत जाणारा असेल तर चिकटणे. आरंभी सैल व मागाहून घट्ट असेल तर काजळी. थंडपणी मुळीच न हलणारा पण कोमट झाल्यावर हलणारा असेल तर आवळ.

४. पूर्वतयारी

या कामातील खरा धोका संवेदकाचा नसून मोटारीच्या वजनाचा आहे. मोटार सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. आणि जॅकने उचलल्यावर ती लोखंडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कोणीही कदापि शिरू नये. पावसाने भिजलेल्या मातीच्या अंगणात स्टँडचा पाय रुततो, म्हणून तेथे हे काम करूच नये.

आदल्या दिवशी, धूरनळी पूर्ण थंड असता, तारेच्या ब्रशाने आट्यांच्या मुळाशी असलेला गंज व चिखल खरवडून काढावा आणि पातळ तेल सोडावे. रात्रीतून दोनतीन वेळा ते पुन्हा सोडावे. तापलेल्या नळीवर तेल अथवा रॉकेल फवारणे म्हणजे आगीस आमंत्रण होय. दुसऱ्या दिवशी जमिनीवर व उघड्यावर एंजिन काही मिनिटे चालवून नळी कोमट करावी. बंद जागेत, दार अर्धे उघडे ठेवूनही, एंजिन चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो वायू माणसाला सावध होण्यास अवसर देत नाही. नळी कोमट असावी, पोळणारी नसावी; ५० अंशांच्या आसपास संवेदक काढावा, हा दुरुस्ती-पुस्तिकांतून आढळणारा सल्ला या दृष्टीने योग्य आहे. हातमोजे व चष्मा अवश्य वापरावा, कारण खालून पाहताना गंजाची भुकटी सरळ डोळ्यांत पडते. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडावी व संवेदकाच्या तारेची जोडणी उकलावी.

५. प्रत्यक्ष कृती

संवेदकाच्या षट्कोनास बहुधा बावीस नंबरचा पान्हा लागतो. उघड्या तोंडाचा पान्हा षट्कोनाच्या दोनच बाजू धरतो व कोपरे गोल करतो, म्हणून तो टाळावा. तारेसाठी चीर ठेवलेली खास सॉकेट, म्हणजे कारागिरांची ‘गोटी’, मिळते; परंतु फार जोर पडला तर ती चिरेपाशी फाकते. जुना संवेदक टाकूनच द्यावयाचा असेल, तर तार कापून सहा कोपऱ्यांचा अखंड रिंग पान्हा घालणे सर्वांत श्रेयस्कर.

फिरविण्याच्या दिशेविषयी येथे थोडे थांबणे इष्ट आहे. ‘डावीकडे फिरव’ ही सूचना मोटारीखाली उताणे पडलेल्या माणसास निरर्थक ठरते. कारण फिरणाऱ्या वस्तूची एक बाजू डावीकडे जात असता दुसरी उजवीकडे जात असते, आणि सांगणारा व करणारा समोरासमोर असतील तर डावे-उजवेच बदलते. ‘घड्याळाच्या काट्यांविरुद्ध’ ही सूचनाही, कोणत्या बाजूने पाहावयाचे हे सांगितल्यावाचून, अपुरीच असते. षट्कोनाच्या, म्हणजे तारेच्या बाजूने पाहिले असता काट्यांच्या उलट, ही सूचना निःसंदिग्ध होय. दोघे मिळून काम करीत असतील तर ‘आवळ’ आणि ‘सोडव’ ही दोन क्रियापदेच वापरावीत. ती पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून नसतात. या साध्या काळजीच्या अभावी कित्येक आटे उलट्या बाजूने पिळून जातात.

पान्हा नीट बसल्यावर कड्याच्या बाजूंवर हातोडीने हलके ठोके द्यावेत. संवेदकाच्या अंगावर देऊ नयेत. त्यानंतर संवेदक प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा व मग सोडविण्याच्या दिशेने. गंजाचे कवच दोहोंपैकी कोणत्याही दिशेने मोडले तरी लाभच असतो. पान्ह्यास हाताच्या तळव्याने आखूड धक्के द्यावेत. एकसारखा वाढत जाणारा जोर धातूला पिळतो. आखूड धक्का गंजाला तडा देतो.

पान्ह्यास लांब पाईप घालून जोर वाढविण्याची रीत सर्वत्र आढळते. तिचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. २५ सेंटिमीटरच्या पान्ह्यावर २० किलोग्रॅम भार दिला तर सुमारे ५० न्यूटन-मीटर पीळ पडतो. संवेदक बसवितानाचा पीळ साधारणपणे ४० ते ५० न्यूटन-मीटर असतो. तोच भार एक मीटरच्या पाईपवर दिला तर पीळ सुमारे २०० न्यूटन-मीटर होतो, आणि हाताला मात्र काहीच जाणवत नाही. पाईपने बळ चौपट होते. स्पर्शज्ञान मात्र चौथाईवर येते. म्हणून तेल, ऊब आणि ठोके यांचे दोन फेरे पूर्ण झाल्यावाचून पाईपास हात लावू नये, व लावल्यास तो अर्ध्या मीटरहून लांब नसावा.

संवेदक सुटण्याची घटना दोन प्रकारे जाणवते आणि त्यांतील भेद ओळखणे हेच या कामातील खरे कौशल्य होय. ‘कट्’ असा स्पष्ट आवाज होऊन हात एकदम पुढे गेला, तर गंज मोडला असे समजावे. आवाज न होता पान्हा मऊ, लवचिक लागत पुढे गेला, तर एक तर षट्कोनाचे कोपरे गोल होत आहेत, किंवा कडे नळीपासून पिळले जात आहे, किंवा आटे जात आहेत. अशा वेळी तत्काळ थांबावे. 

संवेदक हलला म्हणजे तो एकदम बाहेर काढावयाचा नसतो. पाव फेरा सोडवावा, अर्धपाव फेरा परत आवळावा, नळी थंड असल्यास तेल सोडावे व पुन्हा तोच क्रम करावा. परत फिरविताना आट्यांत अडकलेली भुकटी चुरडली जाऊन मोकळी होते. वाटेत तो जड झाला तर काजळी किंवा चिकटलेला धातू आडवा आला आहे, असे जाणून मागे यावे. या रीतीने अर्धा तास जातो; परंतु तो अर्धा तास कड्याचे आटे वाचवितो.

इतके करूनही संवेदक न हलल्यास कडे ज्योतीने तापविणे हा उपाय उरतो. तो घरी करू नये. नळीजवळून इंधनाची नळी व तारा गेलेल्या असतात आणि आदल्या दिवशीचे तेल तेथे मुरलेले असते. ज्याच्यापाशी मोटार उचलण्याची सोय, गॅसची ज्योत व अग्निशामक साधन आहे, अशा कारखान्यात मोटार न्यावी. संवेदक न काढता नेलेली मोटार ही किरकोळ मजुरीची बाब असते. आटे घालवून नेलेल्या मोटारीस नवे कडे जोडावे लागते किंवा नळीच बदलावी लागते, आणि काही मोटारींत परिवर्तक त्याच नळीचा भाग असतो. कोठे थांबावयाचे, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरविणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

६. नवा संवेदक बसविताना

जुना संवेदक निघाल्यावर कड्यातील आटे स्वच्छ करावेत. यासाठी त्याच मापाचा टॅप ग्रीस लावून हाताने फिरवावा, म्हणजे निघणारा कीस ग्रीसला चिकटतो व परिवर्तकाकडे जात नाही. पुष्कळशा नव्या संवेदकांच्या आट्यांवर न चिकटू देणारा लेप कारखान्यातूनच लावलेला असतो. तेथे आणखी लेप नको. लेप नसल्यास धातूमिश्रित उष्णतासह लेप केवळ आट्यांस लावावा, टोकास त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. सिलिकोनयुक्त लुकण या भागात वर्ज्य. त्याच्या वाफेने प्लॅटिनमचा थर निकामी होतो.

पहिले तीनचार फेरे बोटांनीच फिरवावेत. बोटांनी न फिरल्यास आटा तिरका लागला आहे, असे समजून पुन्हा आरंभ करावा. शेवटी वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या पिळाने आवळावे. तारेस पीळ राहू नये आणि ती तापलेल्या नळीला टेकू नये. बॅटरी जोडून एंजिन चालविल्यावर कड्यापाशी फुसफुस ऐकू आली तर धूर गळतो आहे. सर्व ठीक असल्यास दोष-संकेत पुसून काही दिवस मोटार चालवावी. दिवा पुन्हा न लागणे हीच या कामाची परीक्षा.

समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, गच्च बसलेला संवेदक हा बळाचा प्रश्न नसून निदानाचा प्रश्न आहे. गंजणे, चिकटणे, साकळणे आणि आवळणे ही चार क्रियापदे मराठीत पूर्वापार आहेत व प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. ‘जाम’ या शब्दाने त्यांना एका दावणीला बांधले, तेव्हा उपायही एकच उरला : अधिक जोर. यावरून ‘जाम’ हा शब्द टाकून द्यावा, असे सुचवावयाचे नाही. लोकांनी स्वीकारलेला शब्द कोणाच्या सांगण्याने जात नसतो. किंबहुना अडचणीची पहिली वार्ता देण्यास तो उत्तम आहे. ‘संवेदक’ की ‘सेन्सर’, ‘धूरनळी’ की ‘सायलेन्सर’ या वादाने पान्हा हलत नाही. ‘जाम म्हणजे नेमके काय झाले?’ या प्रश्नाने मात्र हलतो. पारिभाषिक शब्दांची चर्चा करणाऱ्या अभ्यासकांनी नव्या वस्तूंच्या नामांकडे जितके लक्ष पुरविले, तितके जुन्या क्रियापदांकडेही पुरवावे, एवढे या छोट्याशा दुरुस्तीवरून निश्चित म्हणता येईल.